निकेलची घासणी

१७ मे २००३, शनिवार. शनिवार म्हणजे नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीची सुट्टी. वीज बंद, प्रेस बंद, रस्ते रिकामे, समोरच्या गाळ्यातलं कुत्रं दारात आडवं झालेलं. मी मात्र सकाळपासून निकेलचं पाणी गाळत होते. आदल्या दिवशी छोट्या टाकीतलं ते हिरवं पाणी तापवून त्यात कोळशाची बारीक पूड ढवळली होती. ती आता तळाशी बसली होती. वरचं पाणी मगाने काढायचं, दुहेरी कापडातून पिंपात सोडायचं, कापड काळं झालं की धुवून पुन्हा बांधायचं. या कामाला डोकं लागत नाही, पाठ लागते.

एका माणसाने अगदी चांगल्या मनाने त्या टाकीत अर्धा पेला ब्रायटनर, म्हणजे चकाकीचं औषध, ओतला होता. त्यामुळे एका मुलीची चार वर्षांची मेहनत टांगणीला लागली होती. कोळसा तो ब्रायटनर ओढून घेईल, अशा आशेवर मी गाळत होते.

आमचं प्लेटिंगचं वर्कशॉप नव्वदीच्या सुरुवातीला यांनी काढलं. मग यांना एका कारखान्याच्या टूलरूममध्ये चांगली नोकरी मिळाली आणि यांनी गाळ्याची किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाले, "तुझी रसायनशास्त्राची पदवी नाहीतरी कपाटात पडून आहे. दोनेक वर्षं बघ, मग ठरवू." ते ठरवणं राहूनच गेलं. द्राक्षबागेत औषध फवारायच्या पंपांचे पितळी नोझल, नळाच्या चाव्या, मोटारींचे बारीकसारीक भाग असा माल आमच्याकडे यायचा आणि निकेल चढून जायचा.

गाळ्याबरोबर मला मामा मिळाले. मामा म्हणजे आमचे मिस्त्री, वणीकडचे. ते माझे मामा नव्हते, कुणाचेच नव्हते, पण सगळे त्यांना मामा म्हणत. मला ते वहिनी म्हणत, कारण यांच्याबरोबर त्यांनी पहिली टाकी भरली होती. मामांना भरघोस मिशी होती आणि आमच्या वर्कशॉपची सगळी तपासणी त्या मिशीवर चाले. माल टाकीतून निघाला, धुतला, लाकडाच्या भुशात वाळवला, की मामा एक नग तोंडासमोर धरत. त्यात मिशीचा केस न् केस दिसला तर माल पास. धुरकट दिसली तर सगळी खेप सोलून पुन्हा टाकीत. नवीन लागलेल्या, ओठावर नीट लवही न फुटलेल्या मुलांना नियम असा, की नग घेऊन मामांकडे जायचं आणि मिशी उसनी घ्यायची. मला म्हणत, "वहिनी, तुमचं टिकलीवर चालंल."

हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नव्हती. गिऱ्हाईक निकेल किती जाड बसलंय हे मोजत नाही, चकाकी बघतं. ती चकाकी आणायला टाकीत ब्रायटनर नावाचं औषध घालावं लागतं आणि ते किती घालायचं हा मामांचा हातखंडा होता. धुरकट माल आमच्या दारातून बाहेर जात नाही, ही त्यांची अब्रू होती. माझीही होती.

त्या वर्षी जानेवारीत आमच्या सिडकोतल्या शेजारीण एका संध्याकाळी भाचीला घेऊन आल्या. मी स्वयंपाकघरात पापड भाजत होते. "हिला तुमच्या टाकीत काहीतरी बुडवायचंय," शेजारीण म्हणाल्या. "मला तर काही कळलं नाही. तुम्हीच बघा."

मुलगी मनमाडची. वडील रेल्वेत फिटर. ती पुण्याला एका प्रयोगशाळेत पीएच.डी. करत होती. बारीक, उंच, बोलताना समोरच्याला समजतंय की नाही हे बघत बोलणारी. तिने माझ्या ताटलीतला एक कच्चा पापड उचलून तळहातावर ठेवला.

"काकू, हा माझा फ्युएल सेल समजा. खरा बिस्किटाएवढा असतो, चिनीमातीसारखा. एका बाजूने हायड्रोजन सोडायचा, दुसऱ्या बाजूने हवा. भट्टीत सातशे-आठशे अंशांपर्यंत तापवायचं, की याच्यात वीज तयार होते."

"हायड्रोजन जाळायचा?"

"जाळायचाच नाही, हीच तर गंमत. ज्वाळा नाही, धूर नाही, सरळ वीज."

"मग अडलं कुठे?"

"वीज गोळा करण्यात." तिने ओट्यावरचं उलथनं पापडावर टेकवलं. "धातूची पट्टी ठेवली तर ती इथे-तिथे टेकते, सगळीकडे टेकत नाही. जिथे टेकेल तेवढ्याच जागेतून वीज येणार. म्हणून दाबावी, तर..." तिने उलथनं दाबलं आणि पापड मोडला.

"आणि सगळा पापड पट्टीने झाकला, तर हायड्रोजन आत जाणार कुठून?" मी म्हटलं.

"बरोबर!" ती एकदम खूश झाली.

मला हे समजायला पदवी लागली नाही. प्लेटिंगमध्ये निम्मं काम टेकण्याचं असतं. माल ज्या आकड्यावर टांगतो तो आकडा मालाला नीट टेकला नाही तर तिथे वीज पोचत नाही. मग नग काळा पडतो, नाहीतर टेकल्या जागी जळतो. फार आवळला तर ओरखडा उठतो. कुठलीही गोष्ट दुसरीला किती जोराने टेकवायची हे हाताला कळावं लागतं. आमच्याकडे ते हाताने जमतं; तिच्या लालभडक भट्टीत हात घालायची सोय नव्हती.

तिने पर्समधून कागदाची पुडी काढली. आत नखाएवढा करडा तुकडा होता. स्पंजासारखा, आरपार भोकाभोकांचा, फुंकर मारली तर उडेल इतका हलका. पण बोटाला धातूसारखा थंड.

"ही तर घासणी!" शेजारीण म्हणाल्या. त्या दिवसापासून त्याचं नाव घासणीच पडलं.

ती घासणी म्हणजे निकेलचा स्पंज. दाबली की जराशी दबते, म्हणून चकतीला सगळीकडे टेकते आणि चकती फोडत नाही. भोकांतून हायड्रोजन आत जातो. वीज निकेलमधून बाहेर येते. प्रयोगशाळेने परदेशातून आणलेला तुकडा संपला होता, नवीन यायला पुष्कळ वेळ होता. आणि तिच्याकडे वेळ नव्हता.

"जूनअखेर माझी फेलोशिप संपते," ती म्हणाली. "त्याच्या आत सेल सलग चालवून दाखवला नाही तर सर हा विषय दुसऱ्याला देणार आहेत. तसं स्पष्ट सांगितलंय."

"मग तू काय करशील?"

"विंचूरला एका ज्युनिअर कॉलेजात जागा आहे. वडिलांनी विचारून ठेवलंय." हे तिने बसचं वेळापत्रक सांगावं तशा आवाजात सांगितलं. मला ते आवडलं. रडली असती तर मी चहा पाजून घरी पाठवलं असतं.

"चकत्या किती उरल्यात?"

"दोन. बाकी तुमच्या पापडासारख्या गेल्या."

करायची पद्धत तिने वाचून ठेवली होती. साधा स्पंज घ्यायचा, त्याला ग्राफाइटचा हात द्यायचा म्हणजे त्यातून वीज वाहते, मग निकेलच्या टाकीत टांगायचा. स्पंजाच्या प्रत्येक धाग्यावर निकेल चढलं की तो भट्टीत घालून आतला स्पंज जाळून टाकायचा. राहते ती नुसती निकेलची जाळी. पुढे भट्टीतच हायड्रोजन सोडून ती स्वच्छ करायची. भट्टीचं काम पुण्याला ती करणार, टाकीचं मी.

गादीचा स्पंज चालेना. त्याची भोकं आतून बंद असतात, पाणी शिरतच नाही. शेवटी शालिमारजवळच्या मासेवाल्याकडे, म्हणजे शोभेचे मासे विकणाऱ्याकडे, टाकीतलं पाणी गाळायचा काळा स्पंज मिळाला. आरपार मोकळा. मी तुकड्यामागून तुकडे नेऊ लागले तेव्हा त्याने विचारलं, "बाई, घरी टाकी आहे तरी केवढी?" मी म्हटलं, "मोठी आहे."

पहिले तुकडे बाहेरून निकेलचे आणि आतून काळेच निघाले. वीज आळशी असते, जवळचा धागा पकडते, आतपर्यंत जात नाही. मग विजेचा जोर कमी केला, वेळ वाढवला आणि तुकडा हाताने सतत हलवत ठेवायचं ठरलं. हे हलवणं मामांनी घेतलं. पाळणा हलवावा तसे ते उभ्याउभ्या हलवत आणि टोमणे मारत.

"बाय, तुझ्या बापानं तुला पुण्याला कशापायी धाडली? घासण्या करायला व्हय?"

"मामा, ही जगातली सगळ्यात महाग घासणी आहे."

"मग तुझ्या सरांकडं भांडी लय असतील."

यासाठी मी मुद्दाम वेगळी छोटी टाकी भरली होती, बिनब्रायटनरची. मामांना कारणही सांगितलं होतं: ब्रायटनरमध्ये गंधक असतं, ते निकेलमध्ये शिरतं, आणि असं निकेल फार तापलं की ठिसूळ होतं. मामा "बरं" म्हणाले. मामांचं एक "बरं" म्हणजे समजलं, आणि एक "बरं" म्हणजे तुमचं बोलून झालं असेल तर मी कामाला लागतो. हे कुठलं होतं ते तेव्हा ओळखू आलं नाही.

मार्चमध्ये नणंदेच्या घरी कार्य होतं म्हणून मी सटाण्याला गेले. त्याच आठवड्यात मामांनी पक्के तुकडे काढले आणि मुलीच्या हाती दिले. मी ते पाहिलेच नाहीत.

एप्रिलमध्ये ती थेट वर्कशॉपमध्ये आली. कॅमेऱ्याच्या रिळाची प्लास्टिकची डबी तिने टेबलावर ठेवली. मी झाकण उघडलं. आत करडा चुरा होता, कुरडईचा डब्याच्या तळाशी राहतो तसा.

"ही घासणी," ती म्हणाली. "भट्टीतच मोडली. आधी वीज कमीकमी होत गेली, मग बंदच पडली. चकतीही गेली काकू. गंधकाने ती मरते. आमच्या वायूत गंधक नाही, तीनदा तपासलं. मग आलं कुठून?"

मी मामांना हाक मारली. "मामा, छोट्या टाकीत काही घातलं होतं?"

"घातलं की," मामा म्हणाले. लपवायचं त्यांच्या मनातही नव्हतं. उलट कुणीतरी विचारलं याचा आनंद झाल्यासारखे ते पुढे आले. "अर्धा पेला ब्रायटनर. पैला तुकडा निघाला तो राखेसारखा. म्हटलं, पोर पुण्याला घेऊन जाणार, तिचे सर बगणार. म्हणतील, नाशकात असलंच काम करतात का? मग घातलं. काय चांदीवानी निघालं होतं! हो ना गं?"

"हो," मुलगी म्हणाली. "मलाही वाटलं, काय स्वच्छ आलंय."

मामांनी डबी उचलली, आत बघितलं, बोटाने चुरा हलवला. मी त्यांना रागावणार होते. चोरी केलेल्या माणसाला बोलता येतं, आळशालाही. जास्तीचं चांगलं करणाऱ्याला काय बोलायचं? इतकी वर्षं मीच त्यांच्या मिशीच्या जिवावर गिऱ्हाईक टिकवलं होतं.

मुलगी रिकाम्या पिंपावर बसली. "मामा, आता एकच चकती उरलीय," ती म्हणाली. "तुमची मिशी दिसली की माझी डिग्री गेली."

मामा हसले नाहीत. पण ऐकलंही नाही. "मुलामा दिसंना तर तो मुलामा कसला?" असं पुटपुटत ते नोझलच्या टाकीकडे गेले. "माझ्या हातून तसलं काम व्हायचं नाय. दुसऱ्या कुणाला सांगा."

सांगून पटत नसेल तर दाखवावं. स्टीलच्या जुन्या ताटलीवर निकेल चढवलं की ते घट्ट धरत नाही, साय सोलावी तसं सुटतं. मी तसे दोन पापुद्रे काढले. एक मोठ्या टाकीतला, चकचकीत. दुसरा एका काचपात्रात ताजं पाणी करून त्यातून काढलेला, मळकट. दोन्हींच्या पट्ट्या कापल्या, चहाच्या शेगडीवर चिमट्यात धरून लाल केल्या, गार होऊ दिल्या आणि मामांसमोर ठेवल्या.

"वाकवा."

मामांनी आधी अर्थातच चकचकीत पट्टी उचलली. तापून तिचाही रंग उतरला होता, पण आपली कुठली ते त्यांनी ओळखलं. दोन बोटांत धरून वाकवली आणि ती कट्कन मोडली. मळकट पट्टी त्यांनी दुमडली. मग उलटी दुमडली. कापडासारखी दुमडत गेली. मामा ती बराच वेळ दुमडत राहिले, आणि मोडलेली पट्टी त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवली.

तर म्हणून मी त्या शनिवारी पाणी गाळत होते. कोळशाने ब्रायटनर ओढला जातो असं मी शिकले होते, आणि आमच्या मोठ्या टाकीचं पाणी घाण झालं की आम्ही हेच करत असू. दहाच्या सुमारास मामा आले. सुट्टीच्या दिवशी ते कधी येत नसत.

"इकडं जरा काम व्हतं," ते म्हणाले. "म्हटलं बगावं."

"काय काम?"

"हाय एक." आणि त्यांनी माझ्या हातातला मग घेतला.

दोघांनी मिळून दुपारपर्यंत पाणी काचेसारखं केलं. रविवारी वीज आली. मी ताटलीवर पापुद्रा काढला. चांगला मळकट आला. मामांनी तोंडासमोर धरला आणि म्हणाले, "मिशी नाय दिसत. झालं काम." पट्टी कापली, लाल केली, गार केली. मामांनी वाकवली.

कट्.

"आरं!" मामा ओरडले. "आता तर मिशीबी दिसत नाय, तरी मोडतंय!"

मी दुसरी करून पाहिली, तीही मोडली. ब्रायटनरमध्ये दोन-तीन गोष्टी असतात. कोळशाने चकाकी आणणारी काढली होती, गंधकवाली तशीच पाण्यात होती. म्हणजे नुसतं मळकट दिसणंही खरं नव्हतं. आदल्या दिवसाचं सगळं गाळणं वाया गेलं. मी हात धुतले आणि खुर्चीत बसले. मला आठवतं, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हिला विंचूरला जावं लागणार. आणि हेही वाटलं, की आपण इतकी वर्षं वस्तूकडे बघूनच निकाल देत आलो. नोझलला ते पुरतं, कारण नोझल द्राक्षावर पाणी उडवण्यापलीकडे काही सोसत नाही. जे सोसायचं आहे ते करून बघितल्याशिवाय कळत नाही. माणसांबद्दल हे मला माहीत होतं. निकेलबद्दल नव्हतं.

मामा समोर उभे होते. "वहिनी, पानीच टाकून द्या," ते म्हणाले. "खिरीत मीठ पडल्यावर साखर घालून काय उपेग?"

टाकून द्यायची गरज नव्हती. ते पाणी आम्ही नोझलच्या मोठ्या टाकीत ओतलं. तिथे ब्रायटनर असतोच. छोटी टाकी मामांनी स्वतः घासली. आत पाय घालून बसले आणि कोपरे बोटाने घासले. टाकीत टांगायच्या निकेलच्या कांड्यांना घालतात त्या कापडी पिशव्यांमध्येही जुनं पाणी मुरलेलं असणार, म्हणून मी घरच्या मशीनवर नव्या शिवल्या. बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी आणलं, नवे क्षार घातले. पट्टी काढली. लाल केली. वाकवायला मामांच्या हातात दिली.

दुमडली. पुन्हा दुमडली. मामांनी तिची पानाच्या विड्यासारखी घडी केली आणि माझ्यासमोर ठेवली.

घासणीचे तुकडेही मामांनीच काढले. "माझ्या हातून व्हायचं नाय" हे त्यांनी परत घेतलं नाही, आम्हीही आठवण करून दिली नाही. फक्त ते टाकीकडे पाठ करून उभे राहत. डावा हात मागे टाकीवर, तुकडा हलवत, आणि तोंड रस्त्याकडे. समोरच्या गाळ्यातल्या वेल्डरने विचारलं, "मामा, आज टाकीला पाठ का लावली?" मामा म्हणाले, "वंगाळ काम चाललंय. बगवत नाय."

ब्रायटनरचा कॅन मात्र त्यांनी स्वतःच उचलून माझ्या टेबलाखाली आणून ठेवला. "हितं ऱ्हाऊ द्या," म्हणाले. "हाताला सवय हाय."

मेअखेर मुलगी येऊन तुकडे घेऊन गेली. राखेच्या रंगाचे, तिच्या आईच्या पुरणपोळीच्या डब्यात कापूस घालून ठेवलेले. शेवटची चकती, शेवटचा महिना. निघताना तिने मामांना वाकून नमस्कार केला. मामा मागे सरकले. "आदी चालू दे," म्हणाले.

मग वाट बघणं. मी वाट बघत बसणाऱ्यांतली नाही. नोझलचा हंगाम नसला तरी नळाच्या चाव्यांची घाई होती. पण मामा रोज दुपारी डबा खाऊन झाला की टेबलापाशी येत आणि फोनकडे बघून विचारत, "वाजला का?" मी म्हणे, "वाजला. चावीवाल्याचा होता." असे कितीतरी दिवस गेले. एकदा तर फोन वाजला आणि मामांनी उचलून "चालू हाय का?" असं थेट विचारलं. पलीकडे वीजमंडळाचा माणूस होता. तो म्हणाला, "हो, चालू आहे, का?"

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, एका सोमवारी तिचा फोन आला. मागे कसलीतरी घरघर ऐकू येत होती.

"काकू, शुक्रवारपासून चालू आहे. कागदावर विजेची रेष येते ना, ती सरळ आहे. एकदम सरळ. सरांनी खुर्ची आणून बघितली."

"मग आता?"

"आता अजून चालवायचं. बंद पडेपर्यंत. पण विषय माझ्याकडेच राहिला. मुदत वाढवण्याचं पत्र सरांनी आजच लिहिलं."

मी मामांना सांगितलं. मामा म्हणाले, "बरं." हे पहिल्या प्रकारचं होतं.

जुलैत ती आली, तोच डबा घेऊन. भट्टी थांबवून, गार करून, सगळं उघडल्यावर निघालेलं तिने मामांसाठी आणलं होतं. चकतीचे तुकडे झाले होते. "काढताना फुटली," ती म्हणाली. "घासणी तिच्यापासून सुटेचना. ओढली तर चकती मोडली, पण घासणीने धरलेलं सोडलं नाही. बघा."

खरंच, निकेलच्या करड्या जाळीला चिनीमातीची एक किनार घट्ट चिकटून होती. मामांनी तो तुकडा घेतला. सवयीने तोंडासमोर धरला. आम्ही दोघी बघत होतो. मग त्यांच्याही लक्षात आलं, तेव्हा त्यांनी तो खाली घेऊन मोकळी कड बोटाने हळूच वाकवली. ती वाकली आणि तशीच राहिली.

"मिशी नाय दिसत," मामा म्हणाले.

"नाही दिसत," मुलगी म्हणाली.

"पण पास हाय." त्यांनी तुकडा परत दिला आणि मग विचारलं, "तुज्या सरांना मिशी हाय का?"

"नाही मामा. दाढी आहे."

"तरीच त्यांना कळंना, पैली घासणी किती भारी व्हती."

जाताना तिने खरं काम सांगितलं. सरांना आता मोठ्या चकत्यांवर करून बघायचं होतं, म्हणून तळहाताएवढ्या घासण्या हव्या होत्या. आमचा स्पंज संपला होता, आणि तेवढ्या मोठ्या तुकड्याला आतपर्यंत निकेल पोचवायचं तर मामांना पाठ करून चालणार नव्हतं. टाकीकडे तोंड करावं लागणार होतं. मामा म्हणाले, बघू.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्कशॉपला जाण्याआधी शालिमारला गेले. मासेवाला नुकताच शटर वर करत होता. मी काळ्या स्पंजाची अख्खी गुंडाळी मागितली. त्याने ती काढून दिली, माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "बाई, एकदा सांगा तरी, मासे आहेत किती?"

"एकही नाही," मी म्हटलं, गुंडाळी स्कूटरच्या पायाशी उभी केली आणि अंबडला निघाले.